पियानोमामांची आठ बोटं

पियानोमामा विटेला हात लावत नसत. आमच्या पाड्यावर ही साधी गोष्ट नव्हती. पाड्यावर कुणाच्याच नावावर जमीन नाही. पावसाळ्यात दाभोसाच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात भाताची लावणी, आणि दिवाळी झाली की भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं ट्रकमध्ये भरून वीटभट्टीवर. नुकतं चालायला लागलेलं पोरही एक वीट पोटाशी धरून आईच्या मागे दुडदुडत जातं. अशा माणसांत हा उंचापुरा, धडधाकट माणूस दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "आपुन वीट नाय उचलत, मॅन. बोटं जातात."

वीटच काय, ते विळाही धरत नसत, लाकडंही फोडत नसत. ते सगळं मामी करायची. पाड्यावरची माणसं तोंडावर बोलायची, "लख्या बायकोच्या जिवावर खातो." मामी वावर गावची, तोंडाची फटकळ. डोक्यावरची मोळी खाली न टाकताच ती उत्तर द्यायची, "माझ्या नवऱ्याचे हात कामाचे नाय, पूजेचे हाईत. तुमाला काय त्याचं?" मग घरात जाऊन नवऱ्याला मोहाच्या बियांचं तेल हातांना चोळायला द्यायची आणि तितक्याच जोरात त्यांनाही शिव्या द्यायची.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ. नाव लक्ष्मण. म्हातारी माणसं लख्या म्हणायची, मुंबईच्या हॉटेलात त्यांना लकी म्हणत आणि जव्हार-मोखाड्यातली बँजो पार्टीची सगळी पोरं पियानोमामा. खरा पियानो आमच्यातल्या कुणीही पाहिलेला नव्हता. मामांकडे होता तो एक जुना कीबोर्ड, मुंबईहून गोधडीत गुंडाळून आणलेला. पण त्यांनी तो वाजवायला घेतला की पाठ ताठ व्हायची, हनुवटी वर जायची, आणि कुडाच्या त्या घरात समोर पियानोच आहे असं आम्हाला वाटायचं.

ते सगळ्यांना मॅन म्हणायचे. मला, आईला, जीपवाल्याला, एकदा तर शेळीलासुद्धा. ही सवय परेरासाहेबांची. मामा लहान असताना बापाबरोबर मुंबईला इमारतीच्या कामावर गेले होते. बाप परांचीवरून पडून गेला. गावी परत कसं जायचं हे त्या पोराला माहीत नव्हतं. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात त्याला झाडझुडीचं काम मिळालं. तिथे पियानो पुसायचं काम त्याच्याकडे आलं आणि फडकं फिरवता फिरवता तो रोज गावच्या तारप्याची, भोपळ्याच्या त्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, चाल हळूच वाजवून घ्यायचा. एके दिवशी मागून आवाज आला, "अगेन." हॉटेलात पियानो वाजवणारे म्हातारे परेरासाहेब मागे उभे होते. "मना वाटलं, नोकरी गेली," मामा सांगायचे. "मी हात जोडले. तो म्हणतो, हात जोडू नको मॅन, हात ठेव. परत वाजव."

परेरासाहेबांनी त्यांना जॅझ शिकवला. पुढे कितीतरी वर्षं मामा काळा कोट घालून त्याच हॉटेलात वाजवत होते. मी मोठी झाल्यावर त्यांना विचारलं, "मामा, जॅझ म्हणजे काय रे?" ते म्हणाले, "लांबच्या देशात काही माणसांना घरून उचलून नेलं, कामाला जुंपलं. त्यांनी घरचं गाणं आठवून आठवून वाजवलं. आठवलं नाय तिथं स्वतःचं भरलं. तोच जॅझ." आणि पाड्याकडे हात करून म्हणाले, "आपली माणसं भट्टीवर गेली की रात्री गातात ना, तसंच. फक्त तिकडच्यांना पियानो मिळाला."

त्यांच्या शिकवण्यात एकच नियम होता. "चाल आधी सरळ सांग. मग मोड. मग जोडून ज्याची त्याला परत दे. मोडून तसाच निघून गेलास, तर तू चोर." आमच्या म्हाताऱ्या ऐकायला बसायच्या तेव्हा आपसांत म्हणायच्या, "लख्या वाजवताना वाट चुकतो, पण घरी येतो बरा." मामांना ही दाद हॉटेलातल्या टाळ्यांपेक्षा जास्त आवडायची. ते वाजवता वाजवता मुद्दाम आणखी लांब जायचे, म्हाताऱ्या "आता गेला, आता काय येत नाय" म्हणून हसायला लागायच्या, आणि मग एका वळणावर तारप्याची चाल अलगद परत यायची.

हॉटेलातली वाद्यं बंद झाली, तिथे तयार गाणी लावायला लागले, तेव्हा मामा गावी परतले. लग्नाच्या दिवसांत ते जव्हारच्या एका बँजो पार्टीबरोबर वाजवायला जाऊ लागले. तिथून त्यांचं नाव झालं. तारप्याच्या चालीखाली त्यांनी असे काही सूर दिले होते की नाचणाऱ्याला पाय उचलल्यावर तो कुठे टेकेल याचा नेम नसे. बाजाराच्या दिवशी मोखाड्याहून जीप भरून पोरं यायची. कुणाकडे उसना कीबोर्ड, कुणाकडे नुसतीच हौस. मामा सगळ्यांना बसवायचे. डाव्या हाताचं काम घर सांभाळायचं, उजव्याचं गावभर हिंडायचं, असं सांगायचे. जो फार जलद वाजवायचा त्याला विचारायचे, "काय मॅन, शेवटची एसटी चुकते का?"

एकदा कुठल्याशा सांस्कृतिक कार्यक्रमाला त्यांना बोलावलं. मामांनी ट्रंकेतला काळा कोट काढला, बूट पुसले. चिखलात खराब नकोत म्हणून बूट हातात घेऊन ते जीपपर्यंत अनवाणी गेले. तिथल्या माणसाने त्यांना पाहिलं आणि नाराज झाला. डोक्याला पिसं लावा, कमरेला पंचा गुंडाळा, असं सांगू लागला. म्हणाला, "तुम्ही आदिवासी वाटत नाही हो." मामा म्हणाले, "वाटायचं कशाला? मी आहेच ना." त्यांना न वाजवताच परत पाठवलं. घरी येऊन त्यांनी कोट घडी करून ठेवला आणि कोट तसाच अंगावर आहे असं समजून तीन तास वाजवत बसले.

भट्टीवरची ती दुपार मी कुणाला फारशी सांगत नाही. मी तेव्हा तिसरीत होते. म्हणजे पटावर तिसरीत होते, दिवाळीनंतर शाळा सुटायचीच. माझा धाकटा भाऊ सोमा, आम्ही त्याला सोम्या म्हणायचो, अजून शाळेतही गेला नव्हता. भाजलेल्या विटांची उंच रास रचलेली होती. तिच्या सावलीत आम्ही दोघं जेवून पडलो होतो. जवळच्या गावात मामा लग्नात वाजवायला आले होते. बहिणीला भेटावं म्हणून ते वाट वाकडी करून भट्टीवर आले. पांढरा सदरा, पायात बूट. बरोबर लग्नातली बुंदी. मला त्यांनी ओंजळभर दिली. सोम्या झोपला होता, म्हणून त्याच्या वाटणीची कागदात बांधून खिशात ठेवली. "उठला की देतो," म्हणाले, आणि पाण्याच्या पिंपाकडे गेले. मी बुंदी खाऊन सोम्याच्या पलीकडे, राशीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आडवी झाले.

विटा भरायला आलेला ट्रॅक्टर मागे येताना राशीला धडकला. आवाज मला आठवत नाही. तोंडात भुकटी आठवते, आणि पायावर इतकं ओझं की पाय आपला नाहीच असं वाटणं. मी ओरडत होते. आई-बाप आणि बाकीची माणसं लांब, मातीच्या खड्ड्याकडे होती. जवळ फक्त मामा होते.

नंतर माणसांनी सांगितलं, मामा कुत्र्यासारखे उकरत होते. ज्या हातांनी जन्मात वीट धरली नव्हती, ते हात विटा मागे फेकत होते. माझं डोकं दिसलं तेव्हा वरचा अर्धा ढीग पुन्हा घसरला. मामांनी उजवा हात आडवा घातला आणि तो तसाच ठेवून डाव्या हाताने मला ओढून काढलं. तेवढं मात्र मला आठवतं. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता, पांढरा सदरा लाल झाला होता, आणि ते मला म्हणत होते, "ओरड मॅन, ओरड, थांबू नको."

मग माणसं पोचली. सगळ्यांनी मिळून दुसरं टोक उकरलं. सोम्याला कुठे खरचटलंही नव्हतं. तो झोपला होता तसाच होता, फक्त नाकातोंडात भुकटी होती आणि श्वास नव्हता. त्याने एकदाही आवाज दिला नव्हता.

आईने त्याला मांडीवर घेतलं. रडली नाही. बऱ्याच वेळाने तिने मान वर करून मामांकडे पाहिलं. मामा सदऱ्यात हात गुंडाळून जमिनीवर बसले होते. आई म्हणाली, "तुला हीच आयकू आली का रं? माझा सोम्या नाय आयकू आला?" मी आईच्या शेजारीच होते. तिने मला बघून ते म्हटलं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

मामांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दवाखान्यात काढून टाकावं लागलं. मामीने धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात बुंदीचा कागद तसाच निघाला. भट्टी दुसऱ्या दिवशी चालूच होती.

त्या पावसाळ्यात मामांनी कीबोर्डला हात लावला नाही. पोरं जीपने यायची, ओट्यावर बसून परत जायची. आई मामांशी बोलत नव्हती. वाटेत दिसले तर ती वाट बदलायची. आणि दिवाळी झाल्यावर ट्रक आला, तेव्हा मामा गोधडी काखेत धरून ट्रकजवळ उभे. कुणीतरी हसून विचारलं, "लख्या, तू रं कठं?" मामा म्हणाले, "भट्टीवर."

त्या हंगामात मामांनी विटा वाहिल्या. बाप माती कालवायचा, आई थापायची, मामा वाहायचे. आमच्या झोपडीतला एक माणूस कमी झाला होता, एवढंच त्यांनी धरलं असावं. आईने त्यांना नको म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही. दोघं बहीण-भाऊ पहाटेपासून एकमेकांच्या शेजारी राबायची आणि मधे एक शब्द नसायचा. काही सांगायचं असलं तर आई माझ्यामार्फत सांगायची. "त्याला सांग, भाकर खा." "त्याला सांग, त्या बाजूच्या अजून ओल्या हाईत." मामांच्या उरलेल्या बोटांना घट्टे पडले. मामी भट्टीवर भेटायला आली, तिने नवऱ्याचे हात उलटसुलट करून पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा शिव्या न देता स्वतःच त्यांना तेल चोळलं.

हंगाम संपत आला तेव्हा आई चुलीपाशी मला म्हणाली, "त्याला सांग, पुढल्या वर्षी इथं येऊ नको. पाड्यावर रहा आणि हिला तुझ्यापाशी ठेव. साळंत घाल." मामा दोन हात अंतरावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "तिला सांग, घालतो."

असं माझं शिक्षण झालं. दर वर्षी दिवाळीनंतर आई-बाप ट्रकमध्ये बसून जायचे आणि मी मामा-मामींच्या घरी राहायचे. शाळेतून आल्यावर मामा मला कीबोर्डसमोर बसवायचे. त्यांनी स्वतःही पुन्हा वाजवायला घेतलं होतं. सुरुवातीला ऐकवत नसे. बोट जायला हवं तिथे बोटच नाही, चाल वर चढायची आणि शेवटच्या पायरीवर घसरायची. मामा ओरडायचे, स्वतःलाच शिव्या द्यायचे. मग हळूहळू त्यांनी भांडण सोडलं. चाल वर चढायची, सगळ्यात वरच्या सुराशी येऊन थांबायची, तो सूर न वाजवता एक ठोका जाऊ द्यायची आणि खाली उतरायची.

जव्हार-मोखाड्यातल्या बँजो पार्टीच्या पोरांनी ते ऐकलं आणि उचललं. दहा बोटांची पोरं आठ बोटांचं वाजवायला लागली. आज कुठल्याही लग्नात जा, तारप्याची ती चाल आली की वरच्या सुराशी कीबोर्ड थांबतो, ढोल थांबतो, नाचणाऱ्यांचा अख्खा फेर एक पाय उचलून उभा राहतो. पोरं त्या जागी शीळ घालतात, आरोळ्या ठोकतात. ती गंमत म्हणून केलेली जागा आहे असंच सगळ्यांना वाटतं. मीही पहिल्यांदा शिकताना ती जागा भरली होती. माझी बोटं शाबूत होती, सूर हाताशी होता, मी वाजवला. मामांनी माझा हात धरला. "नको."

"पण मला येतो ना मामा."

"येतो म्हणून वाजवायचा नाय." ते म्हणाले, "आवाज देतो त्याच्याकडे सगळे धावतात. मी बी धावलो. जो गप हाय, त्याची जागा ठेव." त्या दुपारविषयी ते एवढंच बोलले. पुन्हा कधी नाही.

मामी गेली आणि मामा खचले. त्यांना लाकडं फोडायला शिकावं लागलं. मी तोवर मोखाड्याच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवायला लागले होते. सुट्टीला येऊन पाहायचे तर मामा ओट्यावर, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि समोर कुणीतरी पोरगं चुकत माकत वाजवतंय. "मोडलंस ना? आता जोडून दे त्याचं त्याला." छातीतला खोकला मात्र वाढत चालला होता.

थंडीत मी त्यांना जव्हारला सरकारी दवाखान्यात आणलं. पाडा रिकामा होता. सगळे भट्ट्यांवर. घरोघरी कुडाच्या दारांना काटक्या लावलेल्या आणि एखादी म्हातारी उन्हात बसलेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मामांना कळलं होतं. सकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं, "तुझी आय गेली काय भट्टीवर?"

"गेली ना. दिवाळीनंतरच."

"निरोप दे तिकडं," मामा म्हणाले. श्वास पुरत नव्हता, मधे मधे थांबत होते. "ट्रॅक्टर मागं घेतात ना, तवा कुणीतरी मागं उभं रहायला पायजे. पोरं झोपलेली असतात."

"देते मामा."

"आजच दे."

मी बाहेर येऊन भट्टीवरच्या मुकादमाला फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. तो म्हणाला, बरं बाई, सांगतो. परत आत गेले तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

पाड्यावर खांदा द्यायला माणूस नव्हता. मी जव्हारच्या पार्टीतल्या एकाला कळवलं, त्याने बाकीच्यांना. दुपारपर्यंत मोटारसायकलींची रांग लागली. मोखाड्याहून, दाभोसाहून, नाव माहीत नसलेल्या पाड्यांवरून पोरं आली. काहींचे केस रंगवलेले, काहींच्या कानात बाळ्या. त्यांनीच खड्डा खणला, त्यांनीच मामांना काळा कोट घातला. एका टेम्पोत स्पीकर आणि कीबोर्ड होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. पण उतरवायला कुणी पुढे झालं नाही. माती टाकून झाल्यावर एकेक जण माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

पावसाच्या तोंडावर ट्रक परत आला. मी रस्त्याला उभी होते. आई उतरली, डोक्यावर बोचकं, हातात कोंबडी. मला तिने काही विचारलं नाही. घराची वाट डावीकडे जाते, ती उजवीकडे वळली. मी मागे गेले. तिला जागा कुणी सांगितली होती कोण जाणे, पण ती थेट तिथे जाऊन थांबली. बोचकं खाली ठेवलं. मातीवर उगवलेलं थोडं गवत उपटून बाजूला टाकलं, झाडझूड केल्यासारखी जागा साफ केली आणि उकिडवी बसली.

"दादा," आई म्हणाली. किती वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून येत होता. आवाज नेहमीचाच होता, मामा समोर बसलेत आणि ती सांगायचं राहिलेलं काही सांगतेय असा. "तू माझी पोरगी काढलीस. मी बोललेच नाय तुला."

मग कोंबडी फडफडायला लागली म्हणून उठली. वळल्यावर तिला मी दिसले. मी मागे आहे हे ती विसरूनच गेली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पुढे येऊन तिने ते बोचकं माझ्या डोक्यावर ठेवलं, आणि माझा हात धरून घराकडे चालू लागली.